लाइट घरी घ्यायचा तर खर्च किती, आणि फसगत कुठे

कोड, सोरायसिस किंवा वर्षानुवर्षे न हटणारा इसब यासाठी डॉक्टरांनी ‘लाइट’, म्हणजे अतिनील किरणांचा उपचार, सांगितला की कडोदऱ्यात राहणाऱ्या माणसापुढे पहिला प्रश्न जाण्यायेण्याचा असतो. आठवड्यातून तीन वेळा, तेही काही महिने. मिलची पाळी बारा तासांची, सुरत पंधरा-वीस किलोमीटर. प्रत्यक्ष लाइट दोन-चार मिनिटांचा. बाकी वेळ रिक्षा, सारोलीची गर्दी आणि नंबर लागण्यात जातो. त्यामुळे वरेली, चलथाण, पलसाणा भागातली आपली खानदेशी मंडळी दहा-बारा वेळा जातात आणि मध्येच सोडून देतात. अर्धवट सोडलेला लाइट म्हणजे पैसा आणि वेळ दोन्ही वाया.

मग मोबाइलवर घरी वापरायच्या यंत्राची जाहिरात दिसते आणि खरेदीची घाई होते. घाई करू नका. घरी लाइट घेता येतो आणि तो उपयोगीही पडतो. अमेरिकेत ७८३ सोरायसिस रुग्णांवर झालेला मोठा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात घरी लाइट घेणारे दवाखान्यात घेणाऱ्यांपेक्षा मागे पडले नाहीत. पण त्यांची यंत्रे योग्य होती, मात्रा डॉक्टरांनी ठरवलेली होती आणि रुग्णांवर लक्ष होते. या तिन्ही गोष्टी तुम्हाला जमवता येत असतील तरच पैसे टाका. त्यांचा खर्च खोक्यावरच्या किमतीत धरलेला नसतो.

आधी निदान, तेही त्वचेच्या डॉक्टरांकडून

पांढरा डाग म्हणजे कोडच, असे नसते. शिबे पांढरी दिसतात. डाग फिकट असेल आणि तिथे स्पर्श किंवा चटका कळत नसेल, तर तो कुष्ठरोगाचा असू शकतो. त्यावरची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि तो पूर्ण बरा होतो. लाइट घेत बसलात तर मोलाचे महिने जातील. तसेच मेडिकलवाल्याने दिलेले स्टिरॉइडचे मलम लावून पसरलेले गजकर्ण पुष्कळदा सोरायसिससारखे दिसते. त्यावर लाइटचा काही उपयोग नाही.

कुठे जाल? कडोदऱ्याहून निघालात की वाटेतच, सहारा दरवाज्याजवळ उमरवाड्यात, सुरत महापालिकेचे स्मीमेर रुग्णालय लागते. थोडे पुढे मजुरा गेटला सरकारी न्यू सिव्हिल हॉस्पिटल आहे. दोन्ही वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत आणि दोन्हीकडे त्वचारोग विभाग आहे. सकाळी लवकर पोचा, केसपेपर काढा. खिडकीवरच दोन गोष्टी विचारा : त्वचेची ओपीडी कोणत्या वारी, आणि लाइटचे मशीन सध्या चालू आहे का. मशीन बंद असेल तर चार फेऱ्यांनंतर कळण्यापेक्षा पहिल्याच दिवशी कळलेले बरे.

पगार महिन्याला २१ हजारांपर्यंत असेल आणि पगारपत्रकात ईएसआयसीची कपात होत असेल, तर विमा तुमचा आहेच. ई-पहचान कार्ड घेऊन ईएसआयच्या दवाखान्यात जा आणि त्वचेच्या तज्ज्ञाकडे पाठवायची चिठ्ठी मागा. ठेकेदारामार्फत काम करत असाल तरी कपात होते का ते तपासा. कपात होऊनही कार्डच न काढलेले कामगार या भागात भरपूर आहेत.

खासगीत जाणार असाल तर बारडोली किंवा सुरत. पाटीवर एमडी, डीएनबी किंवा डीडीव्हीएल, आणि तेही त्वचेचे, असे लिहिलेले हवे. ‘स्किन अँड हेअर क्लिनिक’ एवढ्यावर जाऊ नका.

सोबत आधार कार्ड, जुने सगळे केसपेपर, चालू असलेल्या गोळ्यांची पाने आणि डागांचे मोबाइलवर काढलेले जुने फोटो न्या. गोळ्यांची पाने विसरू नका. डॉक्सिसायक्लिन, रक्तदाबावरच्या थायझाइड गटातल्या गोळ्या, मेथोट्रेक्सेट अशा काही औषधांनी कातडी उजेडाला नाजूक होते. ल्युपस असेल, पूर्वी त्वचेचा कर्करोग झाला असेल, उन्हात गेल्यावर पुरळ उठत असेल, तर आधी सांगा. अशांना लाइट बहुधा देतच नाहीत. गरोदर असाल किंवा मूल हवे असेल तर तेही सांगा. हा लाइट गरोदरपणात चालतो, पण फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळीबद्दल डॉक्टरांना विचारून घ्यावे लागते.

लाइट कोणता, आणि फरक किती पडेल

हल्ली मुख्यतः देतात तो नॅरोबँड यूव्हीबी, ३११ नॅनोमीटरच्या आसपासचा. घरी घ्यायचा तोही हाच. सोरालेनची गोळी किंवा औषध लावून वर यूव्हीए देण्याची जुनी पद्धत आहे. ती घरी, कोणाच्या सल्ल्याशिवाय, अजिबात करू नका.

सोरायसिसला साधारण २० ते ३० वेळांत फरक दिसतो. कोडाला धीर हवा. तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २०१७ मध्ये सुचवलेला नियम असा : ४८ वेळा घेईपर्यंत ‘उपयोग नाही’ असे ठरवू नका, आणि ज्यांना हळूहळू रंग येतो त्यांना ७२ वेळांपर्यंत संधी द्या. आठवड्याला तीनच्या हिशेबाने ७२ म्हणजे २४ आठवडे, जवळजवळ सहा महिने.

चेहरा आणि मानेवरचे डाग चांगला प्रतिसाद देतात. बोटांची टोके, तळहात, तळपाय, ओठ इथे रंग येणे अवघड. डागावरचे केस पांढरे झाले असतील तरीही अवघड. तुमचे डाग फक्त बोटांच्या टोकांवर असतील, तर यंत्रात पैसे घालू नका, असेच मी सांगेन. विकणारा हे सांगणार नाही.

ब्रिटनमध्ये ५१७ कोडग्रस्तांवर हातात धरायच्या यंत्राचा अभ्यास झाला. नऊ महिन्यांनी, निवडलेल्या डागात लक्षात येण्याजोगा फरक पडला असे सांगणारे, नुसते स्टिरॉइडचे मलम लावणाऱ्यांत शंभरात साधारण १७ होते आणि मलम अधिक लाइट घेणाऱ्यांत साधारण २७. उपचार थांबल्यावर आलेला रंग काहींचा परत गेला. म्हणून ‘तीन महिन्यांत डाग गायब’ अशी जाहिरात दिसली की ते दुकान सोडा.

आता हिशेब

दर दवाखान्यागणिक बदलतात. खासगीत एका वेळेचे साधारण २०० ते ६००-७०० रुपये सांगतात. एकच भाग की अंगभर, यावर ते ठरते. खालच्या हिशेबात मी त्यातलाच एक आकडा धरला आहे. तुम्हाला सांगितलेला दर त्या जागी घाला आणि पुन्हा गुणा.

समजा एका वेळेचे ३०० आणि कडोदऱ्याहून जाऊन-येऊन ६० रुपये. म्हणजे ३६०. कोडाच्या ७२ वेळांचे २५,९२० रुपये. डॉक्टरांच्या पाच तपासण्या ५०० प्रमाणे २,५००. एकूण २८,४२०.

सरकारी रुग्णालयात लाइटचे पैसे नाममात्र किंवा काहीच नाहीत असे धरू. प्रवासाचे ७२ वेळांचे ४,३२० रुपये. स्वस्त दिसते. पण ओपीडी सकाळची. दिवसपाळी असेल तर अर्धा खाडा पडतो. अर्ध्या दिवसाचे ३५० रुपये कापले गेले तर ७२ वेळांचे २५,२०० होतात. एकूण २९,५२०. रातपाळी असेल किंवा घरच्या बाईला लाइट हवा असेल, तर ही कपात नाही आणि सरकारी रुग्णालयाइतके स्वस्त दुसरे काहीही नाही. अशांनी यंत्राचा विचारही करू नये.

आता घरचे यंत्र. हातात धरायचे छोटे यंत्र समजा १४,००० रुपयांना मिळाले. त्याआधी दवाखान्यात दहा वेळा लाइट घ्या, असे मी आग्रहाने सांगतो. त्याचे ३,६००. पाच तपासण्यांचे २,५००. चांगला चश्मा ६००. यंत्रातली दिव्याची नळी गेली तर म्हणून राखीव ३,०००. बेरीज २३,७००. खोक्यावर १४ हजार दिसले तरी खिशातून जाणारी रक्कम ही आहे. पहिल्या खेपेला खासगीच्या मानाने चार-पाच हजारच वाचतात. तुमची खरी बचत आहे वेळेची आणि बुडणाऱ्या रोजाची. दुसऱ्या वर्षी पुन्हा गरज पडली, तर मात्र यंत्र चांगलेच परवडते.

सोरायसिसचे गणित वेगळे. ३० वेळांचे खासगीत १०,८०० रुपये होतात. पहिल्यांदाच त्रास झाला असेल तर दवाखान्यातच जा. दर हिवाळ्यात उलटत असेल, तरच यंत्र.

विजेची चिंता नको. ९ वॅटची नळी रोज दहा मिनिटे लावली तरी सहा महिन्यांत तीन युनिटही होत नाहीत.

कोणते यंत्र, कोणासाठी

तुमचा स्वतःचा तळहात, बोटांसकट, म्हणजे अंगाचा साधारण एक टक्का. सगळे डाग मिळून चार-पाच तळहातांत मावत असतील तर हातात धरायचे यंत्र पुरते. आठ ते वीस हजारांच्या दरम्यान ती मिळतात. डोक्यातल्या सोरायसिससाठी कंगव्यासारखा भाग जोडलेला असतो, तो सोबत आहे का पाहा. वेगळा घ्यायला लागला तर त्याचे पैसे वेगळे.

हात, पाय, पाठ असा मोठा भाग असेल तर छोट्या यंत्राने जमत नाही. त्याची खिडकी लहान. वीस ठिकाणी प्रत्येकी एक मिनिट धरले तर वीस मिनिटे जातात, हात दुखतो, दोन जागांच्या मधली कातडी दोनदा भाजते. अशांसाठी उभ्या नळ्यांचे पॅनेल लागते. त्याची किंमत चाळीस हजारांपासून लाखाच्या पुढे जाते. अंगभर लाइटची कपाटे कित्येक लाखांची असतात, ती दवाखान्यांसाठी. दहा बाय दहाच्या खोलीत पॅनेल ठेवायचे कुठे, आणि लाइट चालू असताना बाकीची माणसे जायची कुठे, याचाही विचार आधी करा. एवढे पैसे घालण्यापेक्षा दवाखान्याजवळ काम मिळते का ते पाहिलेले बरे, असे म्हणणारी कुटुंबे मला चुकीची वाटत नाहीत.

नळी वाचायला शिका

इथे जरा थांबा, कारण सगळी फसवणूक नळीत आहे. छोट्या यंत्रात बहुतेक वेळा बोटभर रुंदीची, दुहेरी वळलेली, दोन पिनांची नळी असते. झाकण काढून तिच्या बुडाशी छापलेले वाचा. फिलिप्सची असेल तर पीएल-एस ९ वॅट आणि तिरप्या रेघेनंतर ०१ असे इंग्रजीत दिसेल. मोठ्या पॅनेलच्या टीएल नळ्यांवरही शेवटी ०१ हवे. तो ०१ म्हणजे नॅरोबँड यूव्हीबी.

त्याच आकाराची, त्याच पिनांची नळी शेवटी १२ लिहिलेलीही येते. ती ब्रॉडबँड यूव्हीबी. तितक्याच सेकंदांत कातडी कितीतरी जास्त भाजते. शेवटी १० असेल तर ती यूव्हीए, डास-माश्यांच्या सापळ्यात वापरतात तसली. आणि टीयूव्ही लिहिलेली असेल तर ती यूव्हीसी, जंतू मारायची. ती अंगावर कधीच धरायची नाही. डोळ्यांना इजा होते, कातडी भाजते. चारही नळ्या त्याच यंत्रात बसू शकतात, पेटतातही, आणि निळसर उजेडावरून तुम्हाला काही कळत नाही. म्हणून नळी बदलताना जुन्या नळीचा फोटो दाखवून, अंक जुळवूनच घ्या. ‘सेम टू सेम आहे’ या शब्दावर घेऊ नका.

वुड्स लॅम्प नावाचा पाच-सातशे रुपयांचा दिवाही ‘कोडाचा लाइट’ म्हणून विकतात. तो डाग तपासायचा दिवा आहे, उपचाराचा नाही. नखांचे पॉलिश वाळवायचा दिवाही उपचाराचा नाही.

छुपे खर्च

नळीला वॉरंटी नसते. यंत्राला एक वर्ष लिहिलेले असते आणि खाली बारीक अक्षरांत ‘नळी, अडॅप्टर, चश्मा वगळून’. बिघडते ती मात्र नळीच. घेण्यापूर्वी विचारा : नळी कितीला, कुठे मिळते, किती दिवसांत येते. परदेशी बनावटीच्या यंत्राची नळी महिनाभर आली नाही तर तुमचा उपचार तुटतो आणि पुन्हा खालच्या मात्रेपासून सुरू करावा लागतो. शक्यतो फिलिप्सची ०१ नळी बसते असेच यंत्र घ्या.

कुरिअरने नळी फुटून येते. विक्रेता म्हणतो तुम्ही फोडली. खोके उघडताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोबाइलवर व्हिडिओ काढा. त्यात खोक्यावरचा पत्ता आणि नळीवरचे अक्षर दिसले पाहिजे.

‘उघडलेले वैद्यकीय सामान परत घेत नाही’ ही अट बहुतेक ठिकाणी असते. डॉक्टरांनी वेगळ्या प्रकारचे यंत्र सांगितले आणि तुम्ही भलतेच उघडले, तर पैसे अडकले.

जीएसटी पाहा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैद्यकीय उपकरणांवरचा दर ५ टक्के झाला आहे. जुना १२ टक्के लावून बिल केले असेल तर विचारा. ‘बिलाशिवाय घ्या, हजार कमी करतो’ हा सौदा महाग पडतो. बिल नाही तर वॉरंटी नाही आणि तक्रारही नाही.

डेमोचे पैसे, घरी येऊन दाखवायचे पैसे, ‘सेटिंग’चे पैसे. छोट्या यंत्राला यातले काहीच लागत नाही. उलट डॉक्टरांकडे यंत्र नेऊन त्याचा जोर मीटरने मोजून घेण्यासाठी दोनशे-चारशे रुपये लागले तर आनंदाने द्या. पुढच्या सगळ्या मात्रेचा पाया तोच आकडा आहे.

जुने यंत्र अर्ध्या किमतीत मिळते. नळी किती तास जळली हे कळायला मार्ग नाही. घ्यायचेच तर नव्या नळीची किंमत वजा करून बोला.

आरोग्य विम्यातून पैसे मिळतील असे धरून चालू नका. दाखल न होता घेतलेला उपचार आणि घरी वापरायचे यंत्र, दोन्ही साध्या पॉलिसींत बसत नाहीत. आयुष्मान कार्डही मुख्यतः दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे.

परवाना बघा

वैद्यकीय उपकरणांना भारतात आता परवाना लागतो; कमी धोक्याच्या वर्गांना ऑक्टोबर २०२२ पासून आणि जास्त धोक्याच्या वर्गांना ऑक्टोबर २०२३ पासून. खोक्यावर बनवणाऱ्याचा किंवा आयात करणाऱ्याचा पत्ता आणि परवाना क्रमांक हवा. आयात मालाचा क्रमांक सहसा इंग्रजी आयएमपी, मग एमडी, अशा अक्षरांनी सुरू होतो. इथे बनलेल्याचा एमएफजी, मग एमडी. काहीच नसेल, फक्त चिनी अक्षरे असतील, तर घेऊ नका. ऑनलाइन विकणाऱ्याला विक्रेत्याचे नाव, माल कोणत्या देशाचा आणि तक्रार कोणाकडे करायची हे दाखवणे बंधनकारक आहे. ते दिसत नसेल तर पुढे जाऊ नका.

डॉक्टरांकडून कागद घ्या

‘दोन मिनिटे मारत जा’ हा सल्ला पुरेसा नाही. यंत्र कोणते, सुरुवातीची मात्रा किती, दर वेळी किती टक्के वाढवायची, कुठे थांबवायची, खाडा पडला तर काय, आणि परत कधी दाखवायचे, हे सगळे कागदावर हवे. सुरतेत डॉक्टर इंग्रजीत लिहितात आणि गुजराती-हिंदीत बोलतात. समजले नाही तर तिथेच हिंदीत पुन्हा सांगायला लावा आणि स्वतः मराठीत लिहून घ्या. लाजू नका.

मात्रा मिलिज्यूलमध्ये असते, यंत्राचा जोर मिलिवॅटमध्ये. मात्रेला जोराने भागले की सेकंद मिळतात. कोडासाठी सुरुवात बहुधा दर चौरस सेंटिमीटरला २०० मिलिज्यूलने करतात. यंत्राचा जोर ५ मिलिवॅट असेल तर ४० सेकंद. तेच यंत्र १० मिलिवॅटचे असेल तर २० सेकंद. म्हणून शेजाऱ्याच्या यंत्राचे सेकंद तुमच्या यंत्राला लावू नका. दर वेळी वाढ १० ते २० टक्के. चेहऱ्याला १५०० आणि अंगाला ३००० मिलिज्यूल ही वरची मर्यादा मानतात. तुमच्या डॉक्टरांनी यापेक्षा कमी सांगितले असेल तर त्यांचेच ऐका.

नवी नळी बसवली की जोर एकदम वाढतो. जुन्या थकलेल्या नळीवर तीन मिनिटे चालत होती म्हणून नव्या नळीवरही तीन मिनिटे धरली, तर त्या रात्री अंग भाजते. नळी बदलली की डॉक्टरांना विचारून मात्रा खाली आणा.

घेताना

एक दिवसाआड घ्या, लागोपाठ दोन दिवस नाही. यंत्र चालू करून मिनिट-दोन मिनिटे तापू द्या. घड्याळ मोबाइलवर लावा, मनात आकडे मोजू नका. यूव्ही अडवणारा चश्मा घाला. बाजारातला काळा गॉगल चालत नाही. पापणीवर डाग असेल तर तिथला लाइट डॉक्टरांनी सांगितला तरच, डोळे घट्ट मिटून. पुरुषांनी गुप्तांग झाकावे. बायको-मुले त्या वेळी खोलीबाहेर असू द्या, पोरांच्या हाती यंत्र लागू देऊ नका.

लाइटच्या आधी अत्तर, मलम, तेल काही लावू नका. बावचीचे तेल तर नकोच. त्यात सोरालेन असते. ते लावून लाइट किंवा ऊन घेतले की मोठे फोड येतात. गावाकडून आलेली बाटली कपाटात ठेवून द्या. ज्या दिवशी लाइट घेतला त्या दिवशी तोच भाग उन्हात ठेवू नका. दुचाकीवर असाल तर पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला.

डाग हलका गुलाबी झाला आणि दुसऱ्या दिवशी गेला, तर मात्रा बरोबर आहे. लाली दुसऱ्या दिवसानंतरही राहिली तर पुढची वेळ थांबा आणि लाली गेल्यावर कमी मात्रेने घ्या. दुखले, फोड आला तर बंद करून डॉक्टरांना दाखवा. वाढवत राहण्यात शहाणपण नाही.

प्रत्येक वेळेची तारीख, सेकंद आणि लाली दोन ओळींत लिहा. महिन्यातून एकदा त्याच जागी, त्याच उजेडात फोटो काढा. रोज आरशात पाहून फरक कळत नाही आणि मन खचते, फोटोत कळतो.

लग्नसराईत चलथाणहून गाडी पकडून नंदुरबार, अमळनेर, जळगावला गेलात आणि खाडा पडला, तर परत आल्यावर हे लक्षात ठेवा : चार ते सात दिवसांचा खाडा असेल तर जुनीच मात्रा, वाढवायची नाही. आठ ते चौदा दिवस गेले तर पाव कमी. पंधरा ते एकवीस दिवस गेले तर अर्धी. त्याहून जास्त गेले तर पहिल्यापासून. हे त्याच २०१७ च्या तज्ज्ञगटाचे कोडासाठीचे वेळापत्रक आहे. सोरायसिसचे डॉक्टरांना विचारा. छोटे यंत्र पिशवीत मावते. कपड्यांत गुंडाळून, नळी काढून न्या.

आणखी एक. कोड कोणालाही लागत नाही. ताटाने नाही, टॉवेलने नाही, लग्नाने नाही. मुलीच्या स्थळासाठी घाईघाईने डाग घालवायचे म्हणून मात्रा दुप्पट करणारे आई-वडील आहेत. भाजलेल्या जागी नवा डाग उठू शकतो. पोरीवर तो धोका आणू नका.

फसलात तर

आधी विक्रेत्याला लेखी कळवा, व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, आणि तारखेसह जपून ठेवा. उत्तर आले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. तिथेही सुटले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही सुरत जिल्ह्यात राहता, म्हणून तक्रार सुरतलाच करता येते, विक्रेता दिल्लीचा असला तरी. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची. म्हणून बिल, खोक्यावरच्या परवान्याचा फोटो, उघडतानाचा व्हिडिओ आणि डॉक्टरांचा कागद दोन वर्षे एका पिशवीत ठेवा.

गेलेली नळी कचऱ्यात फेकू नका, फोडू नका. तिच्यात पारा असतो. पुठ्ठ्यात गुंडाळून ठेवा आणि नवी आणायला जाल तेव्हा दुकानदाराला परत घ्यायला सांगा. नाही म्हणाला तर ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.